माफीशिवाय पाठवलेला पॅच

माझ्या पहिल्या पॅचसोबतच्या ईमेलमध्ये मी चार वेळा माफी मागितली होती. ईमेल इंग्रजीत होता, पण घडण शाळेतल्या रजेच्या अर्जाची. महोदय, नम्र विनंती, माझ्या अज्ञानाबद्दल क्षमा असावी. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. अनोळखी मोठ्या माणसाला लिहायचं म्हणजे अर्ज करायचा, एवढंच मला येत होतं.

पॅच म्हणजे प्रोग्रॅममध्ये सुचवलेली दुरुस्ती: या ओळी काढा, या घाला. हा प्रोग्रॅम भरती-ओहोटीच्या वेळा दाखवायचा. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता, दुरुस्त्या मात्र तो सांभाळणारे ईमेलनेच घ्यायचे. त्यातली चूक मला नाही, बाबांना सापडली. ते रेवसच्या धक्क्यावर लाँचचे दोर बांधतात. ओहोटीला पाणी उतरलं की लाँच धक्क्याला लागत नाही, त्यामुळे वेळा त्यांना तोंडपाठ. माझ्या मोबाइलवर बघून ते म्हणाले, "दुसरी भरती यानं कालचीच लावलीय."

"दिवसाला दोन असतात ना, बाबा?"

"रोज न्हाय. भरती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. सरकता सरकता एखादी रात्री बाराच्या पलीकडं जाते. त्या दिवशी एकच. कॉलेजात हे शिकवत न्हाईत वाटतं."

मी कोड उघडला. दुसरी वेळ नसली की तिच्या रकान्यात आदल्या दिवशीची तशीच राहत होती. दुरुस्ती दोन ओळींची. पाठवण्याचं धाडस करायला मला आठवडा लागला.

प्रोग्रॅम सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं: दिवसाला दोन भरत्या असतात. आणि तुमचीच खात्री नसेल, तर मी हे का वाचावं?

ईमेल कॉलेजच्या पत्त्यावरून गेला होता, म्हणून उत्तर कॉलेजातल्या सरांना दाखवलं. "कशाला त्यांच्या नादी लागतेस?" सर म्हणाले. "सॉरी लिही, पॅच मागे घे. कॉलेजचं नाव खराब होतं यात."

मी "हो सर" म्हणाले. लॅबमध्ये बसून तसं लिहिलंही. मग वाटलं, मी मागे काय घेतेय? भरती?

ते सगळं पुसलं. स्वतःच्या पत्त्यावरून दुसरी आवृत्ती पाठवली. पहिलं वाक्य: ही चूक आहे. दुसरं: ती अशी तपासता येईल. खाली बंदराच्या छापील तक्त्यातले, एकच भरती असलेले दोन दिवस. पॅचच्या शेवटी चूक कळवणाऱ्याचं नाव लिहायची तिथे रीत आहे. तिथे मी बाबांचं नाव लिहिलं.

या वेळी उत्तर लगेच आलं. तपासलं, तुमचं बरोबर आहे. पण चूक कळवणाऱ्याचा ईमेल पत्ता दिलेला नाही. ती ओळ काढून पुन्हा पाठवा.

बाबांना सांगितलं. "काढ की मग," ते म्हणाले. "माझ्या नावापायी तुझं काम कशाला अडवतेस?"

पॅच घेतला जायला मला हवाच होता. माझ्या हातचं एवढं एकच काम कॉलेजच्या फाटकाबाहेर पोहोचलं होतं. तरी लिहिलं: त्यांना ईमेल नाही. ते धक्क्यावर काम करतात. चूक त्यांनी पकडली, मी फक्त ओळी बदलल्या. नाव राहील. शेवटी 'प्लीज' लिहिलं, खोडलं, आणि पाठवून दिलं.

चार दिवस काहीच आलं नाही. त्यातल्या एका सकाळी सरांनी जिन्यात विचारलं, "लिहिलंस ना सॉरी?"

"नाही सर." आवाज बारीक निघाला, पण निघाला.

पाचव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: घेतला. बाबांचं नाव होतं तसंच होतं.

संध्याकाळी मी ते उत्तर बाबांना दाखवायला गेले, तर नाव त्यांनी नुसतं पाहिल्यासारखं केलं. मग स्वतःच मोबाइलवर दुरुस्त झालेला वेळांचा तक्ता उघडायला लावला आणि एकच भरती असलेला दिवस शोधला. दुसरा रकाना रिकामा होता. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "आता बरोबर हाय."