डायपरचं वाण

मला लघवी आवरत नाही. हे लिहायला काही वेळ लागला नाही, बोलायला मात्र वर्षं गेली, म्हणून आधी तेच लिहून टाकलं. शिंक आली, खोकला आला, हसू जरा जास्त झालं, की होतं. कधी कधी तर निमित्तसुद्धा लागत नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालं, बाळंतपणं झाली, स्नायू सैल पडतात, गोळी देतो, व्यायाम करा आणि डायपर वापरा. गोळीने तोंडाला कोरड पडायला लागली, ती सोडली. व्यायाम मी अजून करते. राहिला तो डायपर.

आमच्या यांनी बहरीनमध्ये एसीच्या कामात आयुष्य काढलं. कोकणातून आले ते इथलेच झाले. पूर्वी मुलगा आमच्या व्हिसावर होता, आता आम्ही दोघं त्याच्या व्हिसावर आहोत. उम्म अल हस्समला त्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, खाली हॉटेलं, दिवसभर कबाबाचा वास. सून पुण्याची, बँकेत आहे. गुणाची मुलगी. पुढे तिच्याबद्दल जरा वेडंवाकडं येईल, ते ह्या एकाच बाबतीतलं समजा.

डायपरला आमच्या घरात ‘सामान’ म्हणत. “आईंचं सामान संपत आलंय,” असं सून मुलाला सांगायची, तेही हळूच, जसं काही घरात दारू आणायची आहे. मुलाने कधी नाही म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू? पण त्याला सांगावं लागायचं. वस्तू महाग, सारखी संपणारी, विम्यात न बसणारी, आणि मागायची कुणाकडे, तर ज्याचे लंगोट आपण धुतले त्याच्याकडे. मग मी पुरवून पुरवून वापरायला लागले. एकच दिवसभर चालवायचा, आत जुन्या साडीची घडी घालायची. आणि मग वास येईल ह्या धास्तीने बाहेर जायचं नाही. आधी बाग सुटली, मग बाजार, मग इथलं मराठी मंडळ. गणपतीच्या पंगतीत पुरणपोळी वाढत फिरणारी मी, ती खोलीतल्या एका खुर्चीवर येऊन बसले. खुर्चीवर प्लास्टिक अंथरलेलं. लोक म्हणायचे, काकूंचे गुडघे गेले. गुडघे माझे ठणठणीत होते.

आमच्या बिल्डिंगला लागून एक जुनं बैठं घर आहे. तिथली बाई बहरीनची, माझ्याहून थोडी लहान. तिच्या अंगणात बदामाचं झाड आहे. खाली पडलेले लाल बदाम मी एकदा उचलून खाल्ले, आमच्या गावच्या शाळेमागे असायचे तसेच, आणि तिने खिडकीतून ते पाहिलं. तेव्हापासून आमची मैत्री. हिंदी बोलते छान, फक्त सगळ्या बायकांना पुरुष करून टाकते आणि सगळ्या पुरुषांना बायका. मला खाला म्हणते, म्हणजे मावशी.

तिची आई अंथरुणाला खिळलेली होती. एकदा तिला बघायला गेले, तर खोलीच्या कोपऱ्यात डायपरच्या पुड्या भिंतीला लागून रचलेल्या. वर चादर नाही, पडदा नाही. येणारे जाणारे तिथेच बसतात, चहा पितात, खजूर खातात. मी सहज विचारलं, इतकं सगळं मुलगा आणून देतो का? ती माझ्याकडे बघतच राहिली.

“मुलगा कशाला? सरकारकडून मदत येते, आईच्या नावावर. आईचे पैसे, आईचं सामान. मुलाने फक्त गाडीतून उतरवायचं.”

आईच्या नावावर. घरी आल्यावर भाजी चिरताना, पूजा करताना मला तेवढंच ऐकू येत होतं. म्हातारीला बोलता येत नव्हतं, पण तिला कुणाला काही मागावंही लागत नव्हतं.

शेजारणीनेच मग मला त्या सरकारी ऑफिसात नेलं. विचारायला काय जातं, म्हणाली. काउंटरवरच्या मुलीने माझं इथलं ओळखपत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि फार मऊ आवाजात सांगितलं की खाला, ही मदत फक्त बहरीनच्या नागरिकांसाठी आहे. एवढ्यावर आम्ही निघालो असतो तर बरं, पण शेजारीण कुठली ऐकायला. ती अरबीत तावातावाने सांगायला लागली, माझ्याकडे बोट, मग माझ्या कमरेकडे बोट, मग ह्यांनी किती वर्षं एसी दुरुस्त केले ते हवेत स्क्रू फिरवून. सगळा हॉल ऐकत होता. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण धरणी काही फाटली नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून मला खुर्ची दिली. काउंटरवरच्या मुलीने पाणी आणून दिलं, आणि पाणी बघून मला जास्तच घाई लागली.

मदत मफी, म्हणजे नाहीच. पण बाहेर आले तेव्हा मला एक गोष्ट कळली होती. भर हॉलमध्ये सगळ्यांना माझं सगळं समजलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. माझंही नाही.

त्या मुलीचा मला राग नाही. त्यांचं सरकार, त्यांच्या म्हाताऱ्या, त्यांनी त्यांचं बघावं हे बरोबरच आहे. म्हटलं, मग आपलं सरकार आपलं बघेल.

तर त्याच हिवाळ्यात मंडळात आपल्याकडचे एक मोठे अधिकारी आले. परदेशातल्या मराठी माणसांच्या अडचणी ऐकायला आलोय, असं म्हणाले. पुरुषांनी विमानाच्या भाड्याचा विषय काढला, शाळेच्या दाखल्यांचा काढला. मी हात वर केला. सुनेने माझं मनगट धरलं. “आई, प्लीज. इथे माझ्या बँकेतले लोक आहेत.” मनगट सोडवून मी उठले आणि विचारलं, म्हाताऱ्या माणसांच्या डायपरसाठी सरकार काही मदत देतं का? एवढंच. कुठेतरी एक कप बशीवर आपटला. अधिकारी सज्जन होते, म्हणाले, तुम्ही भारतात राहत असता तर काही बघता आलं असतं. तेवढ्यात आमच्या अध्यक्षांनी माइक घेतला आणि हसून म्हणाले, “काकूंचा प्रश्न वैयक्तिक आहे, त्यावर आपण नंतर बोलू.” आणि लगेच नाट्यगीत सुरू झालं.

म्हणजे बघा, इथे मी परदेशी आणि तिथे मी परदेशात. लघवीला मात्र कुठेच व्हिसा लागत नाही.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “आई, तुला हवं तेवढं मी आणून देतो ना? मग लोकांसमोर कशाला?”

“तू आणून देतोस म्हणूनच,” मी म्हटलं. त्याला कळलं नाही. मलाही तेव्हा त्याहून नीट सांगता आलं नाही. आता सांगते. ज्याला चष्मा लागतो तो चष्मा लावून चारचौघांत बसतो, त्याला कुणी वैयक्तिक म्हणत नाही. मला बाहेर जायला जी वस्तू लागते, ती मिळवण्यासाठी मात्र आधी दबक्या आवाजात बोलावं लागतं. ती मला माझ्या नावावर हवी होती, मोठ्या आवाजात.

संक्रांत आली. त्या वर्षी हळदीकुंकू आमच्याकडे करायचं ठरलं. सुनेच्या मनात काचेच्या बरण्या होत्या. मी म्हटलं, ह्या वर्षीचं वाण माझ्याकडे लागलं, तू फराळाचं बघ. तिला बरंच वाटलं, आई पुन्हा कशाततरी रमल्या. मुलाकडे वाणाचे पैसे मागितले, त्याने विचारलंसुद्धा नाही कशाला ते. आईने वाणासाठी मागितलं की मुलं विचारत नाहीत. डायपरला मागताना मी जमिनीकडे बघायचे, वाणाला मागताना मी चक्क हात पुढे केला. मग शेजारणीच्या गाडीतून आम्ही जिदहफ्सला गेलो, तिथल्या एका दुकानात घाऊक मिळतात. पुड्या तिच्या घरी उतरवल्या. मला त्या सोनेरी कागदात गुंडाळायच्या होत्या. ती म्हणाली, “का? चोरून आणलेत?” मग नाही गुंडाळल्या.

शुक्रवारी संध्याकाळी बायका आल्या. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, अत्तर. अमवाजच्या श्रीमंत वस्तीतून एक आली होती, तिच्या साडीकडे बघूनच बाकीच्या जपून बसल्या. आमच्या गावाकडची एक, तिचा नवरा ड्रायव्हर आहे, ती दाराशी टेकली. शेजारीणही आली, तिला कुंकू लावलं नाही, तिळगूळ आणि अत्तर दिलं. यांना आणि मुलाला आम्ही बागेत पाठवून दिलं होतं. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि मी मोठ्या टोपलीवरचा रुमाल काढला.

सगळ्यांत पहिल्या अध्यक्षीणबाई बसल्या होत्या, म्हणजे त्या माइक घेणाऱ्यांची बायको. पुडी बघून त्यांनी पदर पुढे केला नाही.

“काकू, हे काय?”

“वाण.”

“अहो, पण हे मला नाही लागत.”

“मागच्या वर्षी तू चहाचं गाळणं दिलंस. माझ्याकडे तीन आहेत. मी घेतलं ना?”

वाण नाकारायचं नसतं, हे काय तिला माहीत नव्हतं? तिने इकडे तिकडे पाहिलं, सगळ्याजणी तिच्याकडेच बघत होत्या. मग तिने पदर पसरला आणि मी पुडी त्यात ठेवली, वर गहू-हरभरा, बोरं, उसाचा करवा, सगळं रीतसर. पुढची बाई आपोआप पदर धरून तयार झाली. एकदा पहिलीने घेतलं की बाकीच्यांना सुटका नसते.

आणि मग जरा गंमत झाली. दाराशी बसलेली गावाकडची म्हणाली, “आजी, ह्यो गावाक धाडूक मेळतल्यो काय गो? माझी सासू भिजल्या लुगड्यात बसून ऱ्हवता.” दुसरी, अगदी तरुण, म्हणाली की धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिलाही शिंकताना होतं, तिने जिम सोडलं, नवऱ्याला सांगितलं कंटाळा येतो. कुणीतरी हसलं, मग सगळ्याच हसल्या, आणि मी म्हटलं, जपून हसा गो बायांनो. अमवाजच्या बाईने मात्र पुडी पदराखाली झाकून घेतली. जाताना लिफ्टने खालपर्यंत गेली, परत वर आली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आणखी एक मिळेल का?”

सून सगळा वेळ स्वयंपाकघरात होती. बायका गेल्यावर ती बाहेर आली. डोळे लाल.

“आई, माझ्या घरातलं पहिलं हळदीकुंकू होतं. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“हो, म्हणाले असते.”

दोघीही खरं तेच बोललो होतो. काही दिवस घरात ‘जेवण वाढलंय’ आणि ‘दार लावून घ्या’ एवढंच चाललं. पण गावाकडची बाई आणि ती जिमवाली, दोघी मला येऊन भेटायला लागल्या. आणखीही एकदोघी आल्या. आमचं ठरलं की मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळाचा मदतनिधी असतो, अडल्यानडल्याला तिकीट काढून देतात, दवाखान्याला देतात. त्यातून ज्या म्हाताऱ्या माणसांना लागतं त्यांना डायपर द्यावेत, आणि मंडळाने आपल्याकडच्या सरकारला लिहावं की आम्ही परदेशात असलो तरी आमच्या म्हाताऱ्या तुमच्याच आहेत. अर्ज मी माझ्या हाताने लिहिला. शाळा माझी चौथीपर्यंत, बाकी सगळं रद्दीच्या पेपरांतून शिकलेलं.

सुनेने तो टेबलावर पडलेला वाचला. उभ्याउभ्याच वाचला, मग खुर्ची ओढून बसली आणि पेन काढलं. “द्यायचाच असेल तर नीट देऊ. आणि आई, ‘सामान’ काय लिहिलंय? त्याला नाव आहे.” तिने ते खोडून वर स्वच्छ अक्षरात ‘डायपर’ लिहिलं. एवढंच. माझं पटलं असं ती तेव्हाही म्हणाली नाही, अजूनही म्हणालेली नाही. पण बैठकीच्या दिवशी गाडी तिने काढली.

कमिटीत सगळे पुरुष. हॉलमधल्या त्या मखमलीच्या खुर्च्या, ज्यांवर बसायचं मी टाळत आले होते, त्यांतल्या एकीवर मी ऐसपैस बसले. त्या दिवशी घडी नव्हती, पुरवापुरवी नव्हती, नवाकोरा घालून आले होते. अध्यक्षांनी सुरुवात केली की काकूंच्या भावना आम्ही समजतो. निधी संकटासाठी असतो, म्हणाले. ही नैसर्गिक गोष्ट आहे, संकट नाही, म्हणाले. खजिनदार म्हणाले, आज डायपर, उद्या कवळी मागतील. मी म्हटलं, मागू. मग ते मंडळाची प्रतिष्ठा, मंडळाची परंपरा असं लांब बोलत राहिले, आणि बोलता बोलता मला लागली. डायपर होताच, पण जायची वेळ कळली तर जावं, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

पूर्वी मी काय केलं असतं? पर्स शोधल्यासारखं केलं असतं, फोन आल्यासारखं केलं असतं, आणि बाहेर पडून तशीच घरी गेले असते. मग त्यांनी हवं ते ठरवलं असतं.

मी उठून उभी राहिले. अध्यक्ष वाक्याच्या मध्येच थांबले.

“मी लघवीला जाऊन येते,” मी म्हटलं. “तोवर काही ठरवू नका.”

सावकाश गेले, सावकाश आले. कुणी काही ठरवलं नव्हतं, आणि सुनेने माझ्या खुर्चीवर हात ठेवलेला होता, कुणी बसू नये म्हणून.