भिंतीतली बुजवलेली भोकं

नातवंडांनो, तुम्ही राहता त्या हिमनदीनं कोरलेल्या दरीत दरडी कोसळण्याची कारणं जागोजागी वेगळी असतात, हे तुमच्या शाळेच्या प्रकल्पात वाचलं आणि मला एक गवंडी आठवला. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही.

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीमागे डोंगर आहे आणि तो अडवणारी उंच भिंत. डोंगरावरच्या वस्तीतला हा माणूस रोज कामाला जाताना भिंतीपाशी थांबायचा, तिला तळहात लावायचा आणि पुढे जायचा. जुलैतल्या एका सकाळी मी हटकलं, "रोज काय बघता हो?"

"आजी, वरच्या गल्लीत दरड आली ती झाडं तोडली म्हणून. बाजूच्या गल्लीत पायथा खणला म्हणून. आमच्याकडे येईल ती ह्या भिंतीमुळं. पाणी जायची भोकं कुठल्या शहाण्यानं बुजवली? आत पाणी साठून भिंत फुगलीय, आणि माझं घर बरोबर हिच्या वर आहे. तुमच्या वॉचमनला चारदा सांगितलं."

भोकांतल्या लाल पाण्यानं गाड्या घाण होतात, म्हणून ती सिमेंटनं बुजवण्याचा ठराव सोसायटीची सचिव म्हणून मीच सुवाच्य अक्षरात लिहिला होता.

"मीच," मी म्हटलं.

पिशवीतून छिन्नी-हातोडा काढत तो म्हणाला, "मग बाजूला व्हा. साडी खराब होईल."

पहिलं भोक मोकळं होताच लाल धार समोरच्या गाडीच्या काचेवर आदळली. दुपारपर्यंत ती थांबली नाही, आणि मीही तिथून हलले नाही.