म्हशींनंतर, नवऱ्याआधी
मी कमी खायचे, हे आधीच सांगून ठेवते. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास धरायचे. तरी अंग सुटत चाललं होतं. नवरा चारचौघांत म्हणायचा, "हिला नुसती हवा लागली तरी फुगती बे." लोक हसायचे. मीही हसायचे, आणि त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

गडी जेवल्याशिवाय बाईनं ताटावर बसायचं नाही, ही आमच्या घरची रीत. नवरा शेळ्या कोंडून पारावर गप्पा छाटायला जायचा. मी दिवस चहावर काढलेला. नऊ-दहाला तो जेवून उठला, की दुरडीतल्या उरलेल्या भाकरी आणि पातेल्यातलं कालवण, अन्न टाकू नये म्हणून, मी एकटी संपवायचे. लगेच आडवी व्हायचे.

पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा अंबाजोगाईला दवाखान्यात गेले. साखर निघाली. डॉक्टरबाई माझ्या लेकीच्या वयाची. काय खाता ते तिनं विचारलंच, मग म्हणाली, "जेवता कधी?" हे मला जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

"दिवसभर पोट मारायचं आणि झोपायच्या तोंडावर सगळं एकदम. शरीरानं ते जिरवायचं कधी?" तिनं गोळ्या दिल्या. दिवस मावळायला जेवा, तीन महिन्यांनी या, नाहीतर पायाचं अवघड होईल, म्हणाली.

त्याच संध्याकाळी म्हशींची धार काढली, त्यांना पेंड घातली, हात धुतले आणि उजेडातच दारात ताट घेऊन बसले. भाकरी, मेथीची भाजी, ताक. सासूबाईंनी डोळे वटारले.

"अगं, गडी आला न्हाई अजून."

"म्हशीची येळ चुकली तर तुमी घर डोक्यावर घेता, आत्याबाई. मग माझीच येळ कावून चुकवायची?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. त्यांचा पाय न्हाई जायचा."

पहिले आठ दिवस रात्री भूक लागायची. ती पोटाची नव्हती, सवयीची होती. पाणी पिऊन झोपायचे. पुढं ती गेली आणि सकाळीच कडकडून भूक लागायला लागली. चहाच्या आधी भाकरी खाऊ लागले. नवरा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मीही त्याची समजूत घालायला गेले नाही.

तिसऱ्या महिन्यात जखम भरली. साखर उतरली, आणि परकराची नाडी चार बोटं आत घ्यावी लागली. हवा मात्र तीच होती, आमच्या केजचीच.

परवा नवरा शेळ्या कोंडून आला. थोडा वेळ उंबऱ्यात घोटाळला, मग स्वतःच दुरडी खाली घेत म्हणाला, "जेवलीस का?"

तीस वर्षांत हे त्याला कधी विचारावं लागलं नव्हतं.

"जेवले," मी म्हणाले, आणि त्याचं ताट वाढायला उठले नाही.