नाक्यावरची खिचडी
लसणाच्या फोडणीचा वास आला की मला पुणे-नाशिक रस्त्यावरचा पेठचा नाका आठवतो. करोनाच्या टाळेबंदीत मी तिथं पोलीस शिपाई म्हणून बंदोबस्ताला होतो. उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि पुण्याकडून मजुरांची कुटुंबं, पोरं खांद्यावर घेऊन, नाशिककडं चालली होती. त्यांना कुठं थांबू द्यायचं नाही, असा आम्हाला हुकूम होता. रस्त्याकडेच्या चिंचेखाली एक निवृत्त नर्सबाई त्यांना खिचडी वाढत होत्या. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस, तोंडाला मास्क, आणि बसणाऱ्यांसाठी चुन्यानं लांब लांब आखलेले चौकोन. मी म्हणालो, "सिस्टर, बंद करा हे. गुन्हा व्हतो." त्या म्हणाल्या, "भाऊ, एरवी सरकारचा शब्द मी मोडत न्हाई. चर्चमधली प्रार्थनाबी आमी बंद ठेवली. पण भुकेल्याला पुढं हाकला, असं माझा प्रभू सांगत न्हाई. तुमी गुन्हा लिवा, मी सही करते. उद्याबी येणार हाय, तेबी लिवा." मी वही काढली. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "सकाळपासून जेवला का?" जेवलो नव्हतो. त्यांनी पत्रावळीवर खिचडी वाढली. मी ती उभ्यानंच संपवली, हात धुतला आणि त्याच हातानं त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी सही केली आणि पुढची पत्रावळ उचलली. आता मीही निवृत्त झालोय. पेठवरून येणं-जाणं होतं, पण कितीही ऊन असलं तरी त्या चिंचेखाली गाडी लावत नाही.