शेवंतावहिनीचं गोंदण

शेवंतावहिनी हसताना तोंडावर नव्हे, हनुवटीवर हात ठेवायची. हनुवटीवर गोंदलेले हिरवे ठिपके होते, कपाळावर तुळस. आम्हा बायकांत बसली की हात खाली असे. दाराशी दादाच्या चपला वाजल्या की वर जाई.

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, पुण्याला शिकलेला इंजिनिअर. जर्मनीत नोकरी लागल्यावर जाण्याआधी दोघे भिंगारला आमच्याकडे राहिली. वहिनीला मागाहून बोलावून घ्यायचे ठरले होते, पण गोंदण काढल्यावर. "हे तोंड घेऊन आलीस तर लोक मला कुठल्या रानातला समजतील?" असे तो जेवताना सगळ्यांदेखत म्हणे. वहिनी चारचौघांत नवऱ्याशी थेट बोलत नसे. देवळाली प्रवराला तिच्या माहेरी तशी रीतच होती. ती माझ्याकडे वळे. "वन्सं, त्यांना भाकरी घ्या म्हनावं. ती बी रानातलीच हाय."

नगरच्या एका दवाखान्यात तेव्हा परदेशी सर्जन आला होता. भाजून आखडलेल्या हातांची ऑपरेशने करायचा. दादाने वहिनीला त्याच्याकडे नेले आणि सोबत बाईमाणूस हवे म्हणून मला घेतले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, पण परक्यासमोर तोंड म्हणून उघडत नसे. त्यामुळे मी मध्ये बोलेन अशी कुणाला भीती नव्हती.

डॉक्टरने काही विचारायच्या आत दादाने अंगठा जिभेला लावला आणि वहिनीच्या हनुवटीवर खसाखसा घासला. "पाहा, निघत नाही," तो इंग्रजीत म्हणाला. मग तिचा जबडा धरून तोंड उजेडाकडे फिरवले, घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघतात तसे. त्याची थुंकी तिच्या हनुवटीवर चमकत होती.

डॉक्टर म्हणाला, हे पुसले जाणार नाही. कातडी कापून काढावी लागेल, तिथे मांडीची लावावी लागेल. व्रण राहील, रंगही वेगळा दिसेल. तिला हे हवे आहे का?

दादा वहिनीला म्हणाला, "काही नाही गं, मलम देतात. आठ दिवसांत साफ." आणि डॉक्टरकडे वळून, "ती तयार आहे." इतक्या सहज, रुमालाने आपला अंगठा पुसत.

"वहिनी, मलम नाही," मी म्हणाले. आवाज मलाच परका वाटला. "कापणार आहेत. मांडीची कातडी काढून इथे लावणार. व्रण कायमचा राहणार."

"तू गप्प बस!" दादा ओरडला.

वहिनीने पदराने हनुवटी नीट कोरडी केली. मग दादाकडे न बघता मला म्हणाली, "वन्सं, डागदरला सांगा, माज्या आईनं मांडीवर घिऊन गोंदवून घेतलंय. मी रडले तवा गूळ चारला. मला ते कुटंबी खुपत न्हाई. खुपतंय ह्यांच्या डोळ्याला. तो डोळा तपासा म्हनावं."

मी सगळे इंग्रजीत सांगितले. डॉक्टर हसला नाही. पेनाला टोपण लावून तो म्हणाला, "मी हे ऑपरेशन करणार नाही."

टांग्यात दादा पुढे टांगेवाल्याशेजारी जाऊन बसला. घरी आई बोलली. "एवढं इंग्रजी शिकवलं ते नवराबायकोत तोंड घालायला का?"

निघायच्या आदल्या दिवशी दादाने लग्नातला फोटो आणला. स्टुडिओवाल्याकडून ब्रशने वहिनीचे कपाळ आणि हनुवटी साफ करून घेतली होती. पीठ थापल्यासारखे गुळगुळीत तोंड. "तिकडे कुणी विचारलं तर दाखवायला," तो म्हणाला. हातोहात फिरत फोटो वहिनीकडे आला. तिने तो बराच वेळ पाहिला. दादा समोरच होता, तरी हात हनुवटीवर गेला नाही.

"वन्सं, इचारा त्यांना, ही बाई कोन? लई गोरीगोमटी हाय. म्हनावं, हिलाच न्या संगं."

दादाने फोटो तिच्या हातातून घेतला, टॉवेलात गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो त्याच बाईला घेऊन गेला. शेवंतावहिनी देवळालीला आहे. तिला बोलावणे अजून आलेले नाही.