सोनारीच्या रानात ताडपत्री

नातू दुखण्यातून उठला आणि सोनारीला जायचं ठरलं. काळभैरवाच्या देवळाजवळ पुरण शिजवायचं, नैवेद्य दाखवीपर्यंत पाणीही घ्यायचं नाही, हा नवस माझ्या पत्नीचा. चुलीवर सावलीला ताडपत्री बांधायचं काम मी मागून घेतलं.

धाराशिवहून परंड्यापर्यंत एस.टी. मिळाली, पुढं बैलगाडी. माणशी आठ आणे. जाणाऱ्यांनी सरपण घरून न्यावं. सोबत मेहुणाही न्यावा आणि त्याचं ऐकावं.

चैत्रातलं काळं रान दगडासारखं झालेलं. खुंटी शिरेना. भेगेत मात्र अलगद उतरली. मला देवाचीच कृपा वाटली. चारही खुंट्या भेगांत घालून तणावे बांधले. मेहुणा म्हणाला, "दाजी, भेगंत खुंटी ऱ्हातीय व्हय?" मी त्याला त्याच्या वयाची आठवण करून दिली.

पुरण शिजत आलं आणि वावटळ उठली. चारही खुंट्या एकदम निघाल्या. पत्नीनं पातेल्यावर ओणवं होऊन धूळ अंगावर घेतली. मेहुण्यानं ताडपत्री धरून दोन तणावे गाडीच्या चाकांना बांधले, तिसरा हातात धरला. चौथा कमी पडला, म्हणून गाडीवानाचा कासरा जोडून मी तो कमरेला गुंडाळला, गाठीवर गाठ मारली आणि मातीत बसलो.

पोळ्या झाल्या, वारा पडला; माझी गाठ सुटेना. घामानं दोरी आवळली होती. कासरा कापायला गाडीवान तयार नव्हता. देवळात घंटा सुरू झाली. पत्नीचे ओठ वाळलेले, तरी ती थांबली होती. मीच म्हणालो, तुम्ही दोघं जा.

"बसा," ती म्हणाली. "आज तरी एका जागी ऱ्हाल."

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर गाडीवान शांतपणे म्हणाला, "मालक, ताडपत्रीकडची गाठ सोडा की."

ती लगेच सुटली. मागं दोरी फरफटत मी देवळाकडं पळालो. दाराशी ही गर्दी. एका म्हातारीनं माझ्या कमरेकडं पाहिलं आणि हात जोडले. "सरका, वाट द्या. नवसाचं माणूस हाय." लोक बाजूला झाले. थेट गाभाऱ्यापुढं पोचलो, तेव्हा नैवेद्य दाखवणं चाललं होतं. पत्नीनं मला दोरीसकट पाहिलं. पाण्याचा पहिला घोट तिला हसण्यामुळं धड घेता आला नाही.

कासऱ्याचे पैसे गाडीवानाला मोजून दिले; गाठ घरी आल्यावर गोडंतेल लावून सुटली. नातवाला सगळी हकीकत सांगितली, तो अजून हसतो. नवस माझा नव्हता, हे त्या म्हातारीला सांगायचं राहून गेलं. आता भेटली तरी तसं ठामपणे सांगता येईल, असं वाटत नाही.