हावेरीची गाडी, धारवाडची म्हैस

शपथ घेऊन सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. म्हणजे अक्षरं खरी आहेत, क्रम थोडा इकडेतिकडे. आणि एक-दोन ठिकाणी पदरचं घातलंय. बरं, एकाच ठिकाणी. ते शेवटी सांगतो, मध्येच विचारू नका!

चार माणसं रोज एकाच गाडीतून जायला-यायला लागली की किस्से सीटखालच्या खड्यांसारखे साठतात. झाडायला घ्यावं तर निम्मे परत आतच पडतात. आमची गाडी कधीच गेली, खडे अजून माझ्याकडे आहेत.

झालं असं, की हावेरी जिल्हा नवा झाला आणि धारवाडच्या आमच्या ऑफिसातली चार टाळकी तिकडे बदलली. मी, हिशेबातले जोशी, टायपिंगच्या सुलोचनाअक्का आणि पाटीलअण्णा. बसने जायचं म्हणजे सकाळी अंधारात निघायचं आणि संध्याकाळी अंधारात उतरायचं. आम्ही तिघं कुरकुरलो. अण्णा मात्र रडायचेच बाकी राहिले. कारण अण्णांची म्हैस.

अण्णा मूळचे अळणावरकडचे. धारवाडात सरकारी नोकर झाले, तरी परसात म्हैस बांधलेली. तिचं नाव चंद्री. चंद्री दूध द्यायची ती फक्त अण्णांना. दुसऱ्या कुणी हात लावला की पान्हा चोरायची आणि बादलीला लाथ!

*

बदलीच्या पहिल्याच आठवड्यात अण्णांच्या मंडळींनी एक जुनी युक्ती केली. अण्णांचा शर्ट घातला, त्यांचा पटका डोक्याला गुंडाळला आणि तोंड न उघडता म्हशीखाली बसल्या.

चंद्रीने मान वळवून एकदा नीट बघितलं. बादली अंगणात गेली.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे मास्तर ओरडले, "काय अण्णा, आज लवकर आलात?"

म्हैस फसली नाही, मास्तर फसले! वहिनींनी पटका काढून अण्णांच्या खुंटीला टांगला आणि रात्रीच्या ताटावर एवढंच म्हणाल्या, "दिवेलागणीला तुम्ही घरी, नाहीतर म्हैस बाजारात. काय ते ठरवा."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये अण्णांनी आम्हाला सांगितलं, "गाडी घेऊ या री. चौघांत." आवाज असा, की कुणी नाही म्हणू शकलं नाही.

*

पेट्रोलची की डिझेलची, हा वाद वाटेतल्या शिग्गावपर्यंतसुद्धा टिकला नाही. जोशी म्हणाले, "पेट्रोलवर रोज हावेरी? त्यापेक्षा तुपावर चालवा! वास तरी चांगला येईल."

नवी गाडी आमच्या ऐपतीबाहेरची. म्हणून सेकंडहँड डिझेल शोधत आम्ही जुन्या हुबळीत एका एजंटाकडे गेलो. त्याच्याकडची प्रत्येक गाडी कुठल्यातरी डॉक्टरने वापरलेली! पांढरी डॉक्टरची, निळी डॉक्टरची, दार नसलेलीसुद्धा डॉक्टरची.

अक्का म्हणाल्या, "एवढे डॉक्टर आपल्या भागात होते, तर माणसं मरत कशाला होती?"

त्यातली निळी आम्हाला आवडली. सेल्फ मारला की लगेच सुरू. पण अण्णा बाहेर आल्यावर म्हणाले, "उद्या पहाटे न सांगता यायचं. म्हैस विकणारा आदल्या संध्याकाळी धारच काढत नाही, कास टम्म दिसावी म्हणून. हाही काहीतरी करतोच."

पहाटे गेलो. अण्णांनी म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा बॉनेटवर पंजा ठेवला. "गरम आहे. गार असताना सुरू होत नसणार, म्हणून रोज गिऱ्हाईक यायच्या आधीच उठवून पळवतोय."

एजंट म्हणाला, "छे छे अण्णा, उन्हानं तापलीय."

अण्णांनी आभाळाकडे बघितलं, आम्हीही बघितलं. सूर्य उगवायचा होता!

*

शेवटी गाडी मिळाली ती धारवाडातच, सुभाष रोडमागच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडे. रंग ताकासारखा, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पण बॉनेट गार होतं. वकिलांनी हँडब्रेक काढला, गाडी घरासमोरच्या उतारावर सोडली आणि चार पावलांत इंजिन धडधडायला लागलं.

"हिला सेल्फची गरजच नाही!" वकील अभिमानाने म्हणाले.

आम्हाला तो गाडीचा गुण वाटला. धारवाडात जन्मलेल्या माणसाचं असंच होतं. सपाट जागा त्याने फारशी बघितलेलीच नसते.

भाव ठरवायला अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि वकिलांच्या हातावर टाकला. गुरांच्या बाजारात टॉवेलखाली बोटं दाबून भाव करतात, तसा. हुबळीच्या एजंटावर हा प्रयोग केला होता, तेव्हा तो "एनरी इदु, हे काय!" म्हणत हात ओढून पळाला होता. पण वकीलही खेड्यातलेच निघाले. दोघं आंब्याच्या झाडाकडे बघत उभे. टॉवेल हलतोय, चेहरे दगड. मग दोघं एकदम हसले.

जोशी कासावीस. "किती? अण्णा, किती ठरलं?"

अण्णा टॉवेल झटकत म्हणाले, "म्हशीला सांगत नाहीत, तुम्हाला कसं सांगू?"

*

गाडीने आम्हाला निराश केलं नाही. हावेरी रस्त्यावर लिटरला वीसचं ॲव्हरेज! हो, वीस. हसू नका.

फक्त हावेरी सपाट. भाकरीसारखं सपाट! सेल्फ होता, पण शोभेचा. रोज संध्याकाळी मी स्टिअरिंगवर, अक्का शेजारी आणि मागून अण्णा नि जोशी ढकलणार. एकदा जोशी रजेवर. अण्णा एकटेच मान खाली घालून रेटतायत. गाडी हलेना आणि दिवस कलायला आलेला.

तेवढ्यात मागून आणखी कुणीतरी हात लावल्यासारखं वाटलं. मी आरशात बघितलं. आमचे मोठे साहेब!

आता थांबावं तर इंजिन बंद, न थांबावं तर नोकरी बंद. अण्णांची मान खालीच. त्यांना वाटलं शिपाई आला. ते कन्नडमध्ये ओरडले, "जोर हाकरी! ऊटा माडिल्लेन?" म्हणजे, लाव की जोर, जेवला नाहीस काय?

गाडी सुरू झाली. साहेबांनी हात झटकले आणि म्हणाले, "जेवलोय. पण एवढी घाई कसली?"

अण्णांचा चेहरा असा, की खोटं बोलणं शक्यच नव्हतं. "म्हैस, सर."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मग उद्यापासून वेळेवर सुटत जा. उजेड असताना चार माणसं तरी मिळतात ढकलायला."

*

त्यानंतर चंद्रीचं आणि गाडीचं जमलं. अण्णांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चढ आहे. तिथे मी सेकंड टाकला की गिरणीसारखी धडधड व्हायची आणि परसात चंद्री पान्हा सोडायला लागायची. अण्णा पायातले बूट काढायच्या आत कास भरलेली!

एकदा अण्णा हावेरीतच अडकले. आम्ही तिघं परतलो. वहिनींना निरोप द्यावा म्हणून गाडीनेच चढ चढून दारात गेलो. तर वहिनी साध्या लुगड्यात, डोक्याला पटका नाही बिटका नाही, आणि धार चाललीये झर्र झर्र!

दुसऱ्या दिवशी अण्णांना हे सांगितलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. उलट परतीच्या वाटेवर ते बंकापूरपर्यंत खिडकीची काच वर-खाली करत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी नाही. गाडी."

अक्कांनी पिशवीतला पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "खा, अण्णा. माणसानं एवढं मनाला लावून घेऊ नये."

*

काही वर्षांनी आम्हा चौघांची बदली परत धारवाडला झाली. ऑफिस घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. सगळ्यांनी पेढे वाटले. जोशी म्हणाले, "आता गाडी विकू या."

पहिल्या संध्याकाळी अण्णा चालत घरी गेले. हातपाय धुतले आणि म्हशीखाली बसले. चंद्रीने मान वळवून बघितलं. बादली अंगणात!

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन अण्णा म्हणाले, "गाडी मी घेतो."

तेव्हापासून अण्णा ऑफिसातून चालत घरी यायचे, डबा ओट्यावर ठेवायचे आणि दारातली गाडी उतारावर सोडायचे. इंजिन धडधडलं की खालून वळसा घालून चढाने परत यायचे. सेकंड गिअरमध्ये.

शेजारच्या मास्तरांनी एकदा कुंपणावरून विचारलं, "अण्णा, आत्ता तर आलात! परत कुठे निघालात?"

अण्णा खिडकीतून म्हणाले, "घरी."

जोशींना हे कळल्यावर राहवेना. एवढ्या डिझेलची नासाडी! ते मुद्दाम संध्याकाळी अण्णांकडे गेले. अण्णा गाडी लावून, बादली घेऊन परसातून येत होते. जोशींनी गाडीवर थाप मारून विचारलं, "काय अण्णा, आता काय ॲव्हरेज देते?"

अण्णांनी बादली खाली ठेवली, वरचा फेस फुंकरीने बाजूला केला आणि म्हणाले, "संध्याकाळी चार लिटर."

तर, कबूल केल्याप्रमाणे. यात पदरचं घातलंय ते एवढंच, की हावेरी रस्त्यावर ती गाडी लिटरला वीस द्यायची. पंधराच्या वर कधी गेली नाही.